न मागितलेली जागा

सिद्धाराम मेला तो मंगळवारी सकाळी, दूध तापायच्या वेळेला. पंक्चरच्या दुकानाची चावी खिशात टाकली, बायकोला चहा आण म्हणून हाक दिली, आणि कप हातात यायच्या आत भिंतीला टेकून गप झाला. माणूस बरा होता, मरणही बरं आलं. पण मेल्यावरचे हाल काय सांगावेत! ज्याला हयातभर गावात कुणी 'जरा सरक' म्हणालं नाही, त्याला मेल्यावर पाय पसरायला जागा मिळेना.

वैशाखाचं ऊन. नऊ वाजताच हिप्परवाडीच्या पत्र्यांवर हात ठेववत नव्हता. उमरग्याहून बर्फाच्या लाद्या आणल्या, पोत्यात गुंडाळून मयताच्या दोन्ही अंगांना लावल्या. लाद्या वितळायला लागल्या आणि त्यांचं पाणी अंगणातून वाहत थेट समोरच्या ओट्यापर्यंत, महालिंगप्पाच्या खुर्चीच्या पायाशी आलं.

महालिंगप्पा म्हणजे सिद्धारामचा थोरला भाऊ. सत्तरी ओलांडलेला, भारदस्त, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. साठ एकर रान, उमरग्याच्या मोंढ्यात आडत, गावच्या मठाच्या पंचात पहिलं नाव त्याचं. दोघा भावांची घरं एकाच अंगणात, तोंडाला तोंड करून. थोरल्याचं दगडी, धाकट्याचं पत्र्याचं. मधे पंधरा पावलांचं अंतर. सकाळपासून महालिंगप्पानं ते एकदाच ओलांडलं. भावाचं तोंड बघितलं, कपाळावर हात ठेवला, आणि माघारी येऊन खुर्चीत बसला तो बसलाच.

आता अडचण काय होती ती सांगतो. हे घराणं लिंगायत. लिंगायतांत मयत जाळत नाहीत, पुरतात. मांडी घालून बसवतात, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवतात, वरून मीठ, विभूती, बेलाची पानं. गावाला आपली रुद्रभूमी आहे, चिंचेच्या सावलीला, तारेचं कुंपण घातलेली. सिद्धारामचा बाप तिथं, आजा तिथं. पण सिद्धाराम चौदा वर्षांमागं ख्रिस्ती झाला होता. जे लिंग जन्मल्यापासून मरेपर्यंत गळ्यातून उतरवायचं नसतं, ते त्यानं स्वतःच्या हातानं उतरवलं आणि थोरल्याच्या हातात दिलं होतं.

त्या वेळी तो ट्रक चालवायचा, सोलापूर–हैदराबाद. हुमनाबादच्या पुढं गाडी उलटली, मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं, आणि बिदरच्या दवाखान्यात तो तीन महिने छताकडं बघत पडला. तिथं एक नर्स होती, रात्रपाळी संपली की खाटेजवळ बसून वाचून दाखवायची. सिद्धाराम लंगडत गावी आला तो निराळाच होऊन आला. गावानं वर्षभर बोलणं टाकलं. पण गावाची रागावायची ताकद ती किती? हायवेवर टायर बसल्यावर जायचं कुणाकडं? हळूहळू सगळे पूर्वीसारखे बोलायला लागले.

आणि दोघा भावांनी तर बोलणं कधी सोडलंच नव्हतं. भांडण म्हणा, वाद म्हणा, रोज दिवेलागणीला सिद्धाराम पंधरा पावलं लंगडत यायचा आणि थोरल्याच्या ओट्यावर बूड टेकायचा. महालिंगप्पाला त्याच्याशिवाय चहा गोड लागत नव्हता. हे तो कुणाला सांगायचा नाही, पण खरं होतं.

"तुजा येशू खरा कशावरनं?" हा त्याचा पहिला प्रश्न असायचा.

"त्याच्या जन्माच्या सातशे साल आदी यशया नावाच्या संदेष्ट्यानं लिहून ठिवलंय, अण्णा. एक सेवक येईल. त्याचा गुन्हा काय न्हाय, पण दुसऱ्याच्या पापाचा मार त्यो अंगावर घेईल. कापायला नेलेलं कोकरू जसं गप ऱ्हातं, तसा गप ऱ्हाईल."

"हां! आन तुमी मागनं जुळवत बसलाव. आरं, आदी बैल दावणीला बांदायचा आन मग त्याच्या अंगावरचे भोवरे शुभ हायत म्हणायचं, ह्याला काय अक्कल लागती? बैल मनात भरला की सगळे भोवरे शुभच."

सिद्धाराम खदखदून हसायचा. त्याला राग कसा तो यायचाच नाही, आणि त्यामुळंच महालिंगप्पाला जास्त चेव चढायचा.

"बरं, ते पुस्तक मुळात कुणाचं?"

"यहुद्यांचं."

"त्यांना पटलंय का ह्ये तुमचं?"

"न्हाय. त्ये म्हणत्यात, ह्यो सेवक म्हंजी एक माणूस न्हवंच. ती आमची अख्खी जमात, इस्राएल. जगाचा मार खाल्लेली. त्यांचा मसीहा आजून यायचाय."

"घ्या! ज्याचं पुस्तक त्याला कळंना, आन हायवेवरच्या पंक्चरवाल्याला कळलं!"

"त्यांचंबी खोटं न्हाय, अण्णा. मार त्यांनीबी लई खाल्लाय. म्या एवढंच म्हणतो, म्या खाटंवर पडून ऐकलं तवा मला त्यात एकाचंच तोंड दिसलं. आता दिसलं त्याला काय करू?"

असं बोलला की महालिंगप्पाची पंचाईत व्हायची. जिंकायला आलेल्या माणसाला हरवता येतं. हा लेकाचा जिंकायलाच येत नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात एकदा गाढवावरून गोष्ट निघाली. दुसऱ्या एका संदेष्ट्यानं लिहून ठेवलं होतं की राजा येईल तो गाढवाच्या शिंगरावर बसून येईल, आणि येशू तसाच शहरात आला, असं सिद्धाराम सांगत होता.

"त्याला म्हाईत होतं का तसं लिहिलंय म्हणून?" महालिंगप्पानं विचारलं.

"म्हाईत होतं की."

"मग झालं तर! मागवलं आसंल गाढव. लिहिलंय तसं वागायचं, आन मग म्हणायचं, बगा, लिहिलंय तसंच घडलं. म्याबी सांगतो, उद्या म्या उमरग्याला जानार. गेलो की मलाबी संदेष्टा म्हणा."

सिद्धाराम हसला, मग जरा विचारात पडला. "गाढव मागवता येतं. खरंय तुमचं. त्यानं मागवलंच होतं. पण अण्णा, कबर न्हाय मागवता येत. त्याच यशयानं लिहिलंय, त्याची जागा दुष्टांच्या रांगंत ठरवली होती, पण मेल्यावर त्यो एका श्रीमंताजवळ गेला. आन तसंच झालं बगा. दोन चोरांच्या मधी टांगला, त्यांच्यासंगंच कुठंतरी फेकून दिला आसता. पण सांजच्याला अरिमथाईचा योसेफ म्हणून एक जण उठला. पैशावाला, पंचातला. कुणी सांगितलं न्हाय, बोलवलं न्हाय. सोताहून सरकारात गेला, मयत ताब्यात घेतलं, आन सोतासाठी खडकात खोदून ठिवलेल्या नव्या कबरीत ठिवलं. आता मेलेला माणूस कुणाकडं जागा मागनार?"

"त्यो न्हाय मागनार, त्याची माणसं मागतील!" महालिंगप्पानं मांडीवर थाप मारली. "बायाबापड्या गेल्या आसतील रडत त्या शेटकडं. लिहिलेलं खरं करायचंय, दे बाबा जागा. मागूनच घेतली आसंल कबर!"

त्या दिवशी सिद्धाराम हसला नाही. "मागितली आसंल तर मग त्याला काय अर्थ न्हाय," एवढंच म्हणाला, आणि लवकर उठून गेला.

आता ह्या मंगळवारी, खुर्चीत बसल्या बसल्या महालिंगप्पाला काय टोचत होतं ते ध्यानात आलं असेल. चार वर्षांमागं त्याची बायको वारली. तिची समाधी त्यानं स्वतःच्या रानात बांधली, विहिरीजवळ, कडुनिंबाखाली, आणि तिला लागूनच आपलीही जागा करून ठेवली. दगडांनी बांधून काढलेला चौकोनी खड्डा, आत उतरायला तीन पायऱ्या, वर शहाबादी फरशा. जितेपणी आपली जागा करून ठेवणारा माणूस म्हणजे मोठा, असं गाव मानतं. पैशावाला, पंचातला, स्वतःसाठी खोदलेली कोरी जागा असलेला असा गावात एकच होता. गावाला त्या योसेफाचं काही ठाऊक नव्हतं. त्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला मात्र सगळं ठाऊक होतं, आणि ते त्याला सकाळपासून आतून खात होतं.

'मेल्यावरबी वाद जिंकायला निघालाय गाढव,' तो मनातल्या मनात म्हणाला. मग चादरीकडं बघून त्याला भडभडून आलं, आणि कुणाला दिसू नये म्हणून तो उपरण्यानं घाम पुसत बसला.

दहाच्या सुमाराला मठाचे अय्या आले. अय्या म्हणजे जंगम, गावाचे गुरू. माणूस वाईट नव्हे, उलट मऊ स्वभावाचा. खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "महालिंगप्पा, त्यो आपलाच हाय. रक्त कुठं जातंय? त्याचं लिंग तुमच्या देवघरात हाय न्हवं? ते त्याच्या गळ्यात बांदा. विभूती लावा. रीतीपरमाणं गुरूचा पाय मस्तकावर ठेवायला म्या सोता येतो. बापाच्या शेजारी बसवू. गाव एक शब्द बोलनार न्हाय, माजी जबान."

महालिंगप्पाला हायसं वाटलं. किती सोपं! त्यानं थोरल्या मुलाला, सोमेशला, समोरच्या घरी निरोप घेऊन पाठवलं. सोमेश पाच मिनिटांत परत आला. "काकू न्हाय म्हणती. म्हणती, त्यांनी जितेपणी उतरवलेलं म्या मेल्यावर कसं बांदू? त्यो माणूस आता बोलू शकत न्हाय म्हणून त्याच्या तोंडात आपलं बोलणं कोंबू का?"

अय्यांनी सुस्कारा सोडला. "मग रुद्रभूमीत न्हाय जमायचं," ते म्हणाले आणि उठले. त्यांचंही चुकत नव्हतं. नियम त्यांनी केलेले नव्हते.

तिकडं बब्रुवानचा फोन कानापासून सुटत नव्हता. हा बब्रुवान उमरग्याचा गवंडी, आठवडाभर भिंती बांधायचा आणि रविवारी पत्र्याच्या खोलीत अकरा माणसांची प्रार्थना घ्यायचा. सिद्धाराम त्या अकरांतला. ह्या लोकांना स्वतःची दफनभूमी नव्हती. अर्ज केलेला होता, उत्तर आलेलं नव्हतं. सोलापूरला एका जुन्या चर्चची जागा होती, पण ज्याचं नाव त्यांच्या यादीत नाही त्याला ते घेईनात. एकदा विनवणी, दोनदा विनवणी. शेवटी बब्रुवान फोन खिशात घालून मयताजवळ उकिडवा बसला. दुसऱ्यांची घरं बांधण्यात हयात गेलेली, आणि आज त्याला हातभर जमीन सापडत नव्हती.

बारा वाजता सिद्धारामची बायको पार्वतम्मा अंगणातल्या नळावर घागर घेऊन आली. साठीची, वाळकी, डोळे कोरडे. नळ दोन्ही घरांचा एकच. महालिंगप्पा खुर्चीतूनच म्हणाला, "पार्वती, काय ठरवलं?"

"काय ठरवायचंय, अण्णा. बब्रुवान बगतोय."

"तुला काय पाह्यजे आसंल तर बोल. संकोच करू नको."

त्याची इच्छा एवढीच होती की तिनं मागावं. भरल्या अंगणात, चार लोकांच्या देखत, पदर पसरून मागावं. मग तो अय्यांना सांगू शकला असता, काय करू, विधवा बाई दारात रडली, नाही म्हणवेना. मागणाऱ्याला देणं हा तर धर्मच. त्याला कुणी नावं ठेवली नसती, आणि भावालाही जागा मिळाली असती. वर पुन्हा, देवानं क्षमा करावी, वादही जिंकला असता.

पार्वतम्मानं नळ बंद केला. "तुमच्याकडं काय मागायचं न्हाय, आसं सांगून ठिवलंय त्यांनी," ती म्हणाली. "मागल्या साली छातीत दुखलं तवाच म्हणले, अण्णाकडं जागा मागू नको. मागितली तर अण्णा आपल्याला म्हणतील, बगा, मागूनच घेतली. उपाशी ऱ्हा, पण मागू नको."

"आन?"

"आन म्हणले, सोताहून दिली तर न्हाय म्हणू नको."

तिनं घागर कमरेवर घेतली आणि गेली. महालिंगप्पा खुर्चीत तसाच. आता काही अडून राहिलं नव्हतं. ना अय्यांवर, ना बब्रुवानवर, ना सोलापूरवर. सगळं त्याच्या दोन पायांवर आलं होतं. उठायचं, पंधरा पावलं जायचं, आणि म्हणायचं, माझ्या रानात न्या. बस.

सोमेश जवळच उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. आडतीचा कारभार तोच बघायचा, चतुर गडी. तो वाकून कानाशी म्हणाला, "आप्पा, तुमच्या मनात काय चाललंय मला कळतंय. पण माज्या शुभांगीचं लग्न बारा दिवसांवर हाय. बसवकल्याणची माणसं कडक हायत. आपल्यात सुतक न्हाय, त्येची फिकीर न्हाय. पण घरच्या समाधीत ख्रिस्ती माणूस निजवला म्हणून उद्या त्यांना कळलं तर? पोरीला काय सांगू?"

"त्यो तिचा चुलत आजा हाय."

"म्हणून तर म्हणतो. परका आसता तर दया केली म्हणता आलं आसतं."

महालिंगप्पानं रानाकडं तोंड केलं. आणि खड्डा चौकोनी आहे, मांडी घालून बसवण्यापुरता आहे, सिद्धारामला तर आडवं निजवावं लागणार, त्यांची पद्धत तशी, मग तो मावणार कसा, असाही एक विचार त्याच्या मनात आला. ह्या विचाराला तो बराच वेळ धरून बसला. खरं म्हणजे एका बाजूचे चार दगड काढले असते की झालं असतं. बब्रुवान गवंडीच होता.

दोन वाजले. अंगणात चाळीस-पन्नास माणसं. कुणी पत्र्याच्या सावलीला, कुणी भिंतीला टेकून. कुणी दुष्टाव्यानं आलं नव्हतं. बाया भाकरी थापून घेऊन आल्या होत्या, पोरांनी तिसऱ्यांदा बर्फ आणला होता. पण वारा फिरला की चादरीकडून वास यायला लागला होता, आणि आलेला माणूस नाकाला पदर नाहीतर रुमाल लावत होता. सिद्धारामच्या अंगावर नाक मुरडलेलं महालिंगप्पाला बघवेना. लहानपणी तापात फणफणलेल्या ह्याच पोराला खांद्यावर टाकून तो तीन कोस उमरग्याला चालत गेला होता. त्याच्या पाठीवर ओकला होता तो. तेव्हा घाण वाटली नव्हती.

महालिंगप्पा उठला.

खुर्ची करकरली आणि सगळं अंगण गप झालं. माणसं त्याच्याकडं बघायला लागली. मठाकडून परत आलेले अय्या दारात थबकले. बब्रुवाननं मान वर केली. चादरीजवळ बसलेल्या पार्वतम्मानंही बघितलं, आणि तिच्या कोरड्या डोळ्यांत आशा उमटली. सगळे थांबले होते. एक वाक्य. त्याच्या जिभेवर आलेलं होतं ते.

"बर्फ," तो म्हणाला. "बर्फ संपत आलाय. आजून मागवा."

आणि खाली बसला.

कुणाला काही कळलं नाही. एक जण मोटारसायकल काढून बर्फाला गेला. पार्वतम्मानं मात्र मान वळवली, आणि त्यानंतर तिनं त्या खुर्चीकडं बघितलं नाही.

साडेतीन वाजता सरपंचानं तोडगा काढला. हायवेच्या अलीकडं चोराचा ओढा आहे. लई वर्षांमागं दोन दरोडेखोर गावानं मारले, ते तिथं पुरले, तेव्हापासून ते नाव. पुढं हायवेवर गाडीखाली सापडलेले, ओळख न पटलेले बेवारस तिथंच. पडीक सरकारी जागा, कुणाची हरकत यायची नाही. बब्रुवाननं पार्वतम्माकडं बघितलं. ती म्हणाली, "चला." एवढंच.

अकरा माणसांतले सहा पुरुष. त्यांनी तिरडी उचलली. गावातले चौघे वेशीपर्यंत गेले, मग उन्हाचं निमित्त करून परतले. महालिंगप्पानं दाराआडून बघितलं. सिद्धारामचा मोडका पाय चादरीखाली जरा वाकडाच राहिला होता, चालताना हलत होता. तिरडी वळणावर गेली आणि दिसेनाशी झाली. अंगण पाच मिनिटांत रिकामं झालं, बर्फाची ओली पोती तेवढी राहिली.

मग म्हाताऱ्याला काय झालं कुणास ठाऊक. तो मागच्या दारानं निघाला. रस्त्यानं नाही, कुणी बघेल म्हणून रानातून, बांधाबांधानं. सत्तरीतला माणूस, डोक्यावर काही नाही, धोतराला कुसळं चिकटलेली. धावता येत नव्हतं तरी धावल्यासारखं चालत होता. वाटेत त्याला यशया आठवत होता. 'सातशे साल आदी लिहून गेला म्हणं,' तो धापा टाकत स्वतःशीच बोलत होता, 'पण लिहिलेलं खरं करायला कुणीतरी खुर्चीतून उठावं लागतं की रं सिद्ध्या. न्हाय उठला तर? तर यशया काय करनार, न् तुजा देव काय करनार?'

ओढ्यावर पोचला तेव्हा खड्डा निम्मा बुजला होता. मुरूम कठीण, खणणाऱ्यांच्या हातांना फोड आले होते. हायवेवरून ट्रक जात होते, त्यांचा आवाज तिथपर्यंत यायचा. त्याला बघून बब्रुवाननं फावडं थांबवलं.

"काढा त्याला," महालिंगप्पा म्हणाला. श्वास पुरत नव्हता. "बाहीर काढा. माज्या रानात न्या. माजी जागा देतो म्या. चार दगड काढू, लांब करून घेऊ. बब्रुवान, तू गवंडी हाईस, तुला जमंल. चला. म्या सोता देतोय. कुणी मागितली न्हाय. ऐका, कुणी मागितली न्हाय!"

कुणी हाललं नाही. सगळ्यांनी पार्वतम्माकडं बघितलं. ती मातीच्या ढिगाजवळ बसली होती. बसल्या जागेवरून तिनं आधी महालिंगप्पाच्या मागं बघितलं, दूरवर, रानाकडं, मोकळ्या बांधाकडं. मग त्याच्याकडं.

"सकाळधरनं त्ये तुमच्या डोळ्यांपुढं पडले होते, अण्णा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सगळं गाव होतं. तवा तुमी बर्फ मागवला. आन आता देताय, बगायला कुणी न्हाय तवा. रानातनं आलाव न्हवं?"

महालिंगप्पाच्या धोतराला कुसळं होती.

"आता नगं," ती म्हणाली. "त्यांना आजून हालवू नगा."

मग महालिंगप्पानं बब्रुवानला विचारलं, "त्याचं ते... यशयाचं... वाचलंव का?"

"वाचलं," बब्रुवान म्हणाला. "दुष्टांच्या रांगंपस्तोर वाचलं. फुडचं पार्वती मावशीनं वाचू दिलं न्हाय."

महालिंगप्पा खड्ड्याच्या कडेला गुडघ्यावर बसला. त्यानं मूठभर मुरूम उचलला आणि आत टाकला. भावाचं नाव घ्यायला गेला, पण नाव तोंडाबाहेर आलं नाही. बब्रुवाननं पुन्हा फावडं घेतलं. मातीचा ढीग सपाट होईपर्यंत म्हातारा तिथं थांबला. मग ज्या वाटेनं आला होता त्याच वाटेनं, बांधाबांधानं परत निघाला.

घरी आला तेव्हा ऊन उतरलं होतं. ओट्यावर अय्या आणि सोमेश चहा पीत बसले होते. समोरच्या घराला कडी. अंगण झाडून घेतलेलं, पोती उचललेली.

"कुठं गेलता एवढ्या उन्हाचं?" अय्यांनी काळजीनं विचारलं.

महालिंगप्पानं पायाची माती पायरीवर झटकली. त्याला वाटलं, सांगावं. आत्ता, इथं, ह्या दोघांच्या तोंडावर सांगावं की म्या माज्या भावाला माजी जागा द्यायला गेलतो. सांगितल्यानं आता काही होणार नव्हतं, लग्नही मोडणार नव्हतं. तोंड उघडायचा अवकाश होता.

"शेताकडं," तो म्हणाला.

"बरं केलंव," अय्या म्हणाले. "जिवाला जरा मोकळं वाटतं. आज तुमी घराण्याची लाज राखलीव, महालिंगप्पा. दुसरा आसता तर डगमगला आसता."

सोमेशनं चहाचा कप पुढं केला. महालिंगप्पाला आपलीच शिसारी आली. पण हात पुढं झाला. त्यानं कप घेतला, बशीत ओतला, आणि फुंकून फुंकून सगळा चहा संपवला.